दुभाष्यांचा दुभाष्या

पेशवाईच्या दप्तराशीं ज्यांचा थोडाबहुत परिचय आहे त्यांना पारसनीस हें पद ठाऊक असेल. फडणीस हिशेब पाही, चिटणीस पत्रें लिही, पोतनीस खजिना सांभाळी. आणि फारसींतून आलेला मजकूर मराठींत आणावयाचा व मराठींतला फारसींत घालावयाचा, हें काम पारसनीसाचें. त्याच्या हातीं ना फौज, ना तिजोरी. पण दिल्लीचा खलिता दरबारांत आला म्हणजे घटकाभर सर्वांचें लक्ष ह्या एका माणसाच्या तोंडाकडे लागे. आजच्या मोठमोठ्या बँका, विमा कंपन्या व कारखाने ह्यांच्या दप्तरांतहि असा एक पारसनीस बसलेला असतो. तो माणूस नव्हे. संगणकांत अहोरात्र चालणारा तो एक प्रोग्रॅम होय. ह्या यांत्रिक पारसनीसांचा गेल्या चाळीस वर्षांतला इतिहास, आणि विशेषतः त्यांच्या मालकांनीं एकमेकांना विकत घेण्याचा जो सपाटा चालविला त्याची हकीकत, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

ह्या दुभाष्यांची गरज मुळांत कां पडली? एखादा कारखाना घ्या. पगाराचा प्रोग्रॅम त्यानें एका सालीं घेतला, कोठारांतील मालाचा दुसऱ्या सालीं, मागण्या नोंदविण्याचा तिसऱ्या सालीं. प्रत्येकाचे कारागीर निराळे, यंत्रें निराळीं, समजुतीहि निराळ्या. एकच गिऱ्हाईक विक्रीखात्यांत क्रमांकानें ओळखलें जाई, तर हिशेबखात्यांत नांवाच्या आद्याक्षरांनीं. तारीख लिहितांना कोणी दिवस आधीं लिही, कोणी महिना. अशा दप्तरांना एकमेकांशीं बोलतें करावयाचें म्हणजे दर जोडीमागें एक दुभाष्या नेमणें आलें. दप्तरें ५ असलीं तर जोड्या १० होतात. १० असलीं तर ४५, आणि २० असलीं तर १९०. प्रत्येक जोडीला बोलण्याचें कारण पडतेंच असें नाहीं. तथापि निम्म्या जोड्या बोलूं लागल्या तरी तारांचें जाळें असें कांहीं माजतें कीं एका टोकाला केलेला बदल दुसऱ्या कोणत्या टोकाला जाऊन फुटेल हें कोणालाच सांगतां येत नाहीं. पाश्चात्य तंत्रज्ञ ह्या गुंत्याला इटालियन शेवयांचें नांव देतात. आपल्या शेवया निदान दुधांत शिजवून गोड करतां येतात. ह्यांचें तेंहि होत नाहीं.

ह्या गुंत्यावर पहिला भक्कम तोडगा काढणाऱ्यांत आय्. बी. एम्. कंपनीची इंग्लंडांतील हर्स्ली येथील प्रयोगशाळा येते. विंचेस्टर शहराजवळची ही जुनी हवेली. दुसऱ्या महायुद्धांत साउदॅम्प्टनच्या कारखान्यावर १९४० सालीं बाँब पडल्यावर स्पिटफायर विमानांचे आराखडे काढणारी मंडळी येथेंच येऊन बसली होती. १९५८ मध्यें तेथें आय्. बी. एम्. चें बिऱ्हाड आलें, आणि १९९३ मध्यें ‘एम्क्यू सीरीज’ ह्या नांवाचा माल बाजारांत आला. त्याची कल्पना टपालपेटीसारखी आहे. पत्र एकदां पेटींत पडलें कीं तें पोंचविण्याची जबाबदारी टपालखात्याची. ज्याला तें जावयाचें त्याचें दार त्या वेळीं बंद असलें तरी पत्र थांबून राहतें, हरवत नाहीं, आणि दोनदां पोंचत नाहीं. बँकेला ह्याहून अधिक काय हवें? मात्र पेटी पत्र पोंचविते, पत्राचा अर्थ समजावून देत नाहीं. दुभाष्याचें खरें काम तेथून पुढें सुरू होतें.

त्याच सुमारास अमेरिकेंत ह्याच प्रश्नाला निराळ्या बाजूनें हात घालणारा गृहस्थ आपल्या मुंबईचा होता. विवेक रणदिवे ह्यांचा जन्म मुंबईंत १९५७ सालचा. मॅसॅच्युसेट्सच्या विख्यात तंत्रविद्यालयांत त्यांना प्रवेश मिळाला तो काळ परकीय चलनाच्या टंचाईचा होता. शिक्षणासाठीं लागणारे डॉलर मिळावेत म्हणून रिझर्व्ह बँकेच्या दारीं आपण कसें ठाण मांडून बसलों, ही गोष्ट ते पुढें अनेकदां सांगत आले आहेत. तेथें त्यांनीं विद्युत्-अभियांत्रिकीचें शिक्षण घेतलें, आणि ह्या शिक्षणांतच त्यांच्या कल्पनेचें मूळ आहे. संगणकाच्या आंत तारांचा एक सामाईक पट्टा असतो. त्याला ‘बस’ म्हणतात. निरनिराळ्या कारखान्यांत तयार झालेले भाग त्या पट्ट्यांत नुसते खोंचले कीं ते एकमेकांशीं बोलूं लागतात. लोखंडी सामानाला जें साधतें तें प्रोग्रॅमांना कां साधूं नये, हा रणदिव्यांचा प्रश्न. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास त्यांनीं टेक्नेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स ही कंपनी उभारली, आणि ‘माहितीची बस’ तयार करण्यास घेतली.

पहिलीं गिऱ्हाइकें न्यूयॉर्कच्या शेअरबाजारांतलीं मिळालीं. गोल्डमन सॅक्स ही नामांकित पेढी त्यांत होती. तेथील सौदा करणाऱ्याच्या मेजावर त्या काळीं निरनिराळ्या कंपन्यांचे चार-सहा पडदे ओळीनें मांडलेले असत. एकावरचा भाव वाचावयाचा आणि दुसऱ्यावर बोटांनीं टिपावयाचा. मानवी दुभाष्याचाच तो प्रकार. रणदिव्यांच्या बसनें हे सर्व भाव एका पडद्यावर आणले. त्यांतली युक्ति समजावून सांगण्यास आपण जेथें आहों त्या नभोवाणीपेक्षां चांगलें उदाहरण सांपडणार नाहीं. मी येथें बोलतों आहें. तें कोण ऐकत आहे हें मला ठाऊक नाहीं, ठाऊक असण्याची जरूरीहि नाहीं. ज्याला हवें तो आपल्या घरीं खुंटी फिरवून हें केंद्र लावतो, नको तो दुसरें लावतो. उद्यां आणखी हजार घरीं हें भाषण पोंचावयाचें ठरलें तरी मला आपला एक शब्दहि बदलावा लागणार नाहीं. ह्या बसवरहि बोलणारा प्रोग्रॅम विषयाचें नांव उच्चारून मजकूर सोडून देतो. ज्याला तो विषय हवा तो उचलतो. नवा श्रोता वाढला म्हणून जुन्या वक्त्याला हात लावावा लागत नाहीं. जोड्यांचें जाळेंच त्यामुळें नाहींसें होतें. ह्या बसच्या रचनेवर तिच्या चार कारागिरांनीं १९९३ सालीं प्रसिद्ध केलेला निबंध तंत्रज्ञांत आजहि वाचला जातो, आणि शेअरबाजाराइतकाच संगणकाच्या चकत्या घडविणाऱ्या कारखान्यांचाहि त्यांत उल्लेख आहे.

येथपर्यंतची कथा शोधाची झाली, पुढची मालकीची. १९९४ मध्यें रॉयटर्स ह्या वृत्तसंस्थेनें ही कंपनी सुमारें साडेबारा कोटि डॉलरांना विकत घेतली. आतां रॉयटर्स स्वतः बाजारभाव विकणारी संस्था. ज्या बसवरून तिच्या प्रतिस्पर्ध्यांचेहि भाव जात, ती बसच तिच्या मालकीची झाली! दरबारांतला दुभाष्या दोन वकिलांपैकीं एकाच्याच पगारावर असावा, तशांतला हा प्रकार. १९९७ मध्यें वाटणी झाली. वित्तबाजाराचें क्षेत्र रॉयटर्सनें आपल्याकडे ठेवलें, आणि बाकीच्या सर्व उद्योगांसाठीं रणदिव्यांच्या नेतृत्वाखालीं टिब्को ही कंपनी निघाली. ‘माहितीची बस’ ह्याच इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून तिचें नांव पडलें. १९९९ मध्यें तिचे शेअर बाजारांत आले, आणि पुढें पुण्यांतहि तिनें आपली शाखा काढली. बसच्या निबंधावर ज्यांचें नांव आहे त्यांपैकीं डेल स्कीन हे तर आधींच बाहेर पडले होते. जोमेई चँग ह्यांच्या सहकार्यानें त्यांनीं १९९४ मध्यें व्हिट्रिया ही निराळी कंपनी काढली. सर्व दप्तरांना एक करण्यासाठीं निघालेल्या कल्पनेचीं अशीं तीन घराणीं झालीं.

त्यानंतरचीं पांच वर्षें म्हणजे ह्या धंद्याची सुगी. दोन हजार सालाच्या आंकड्याचें भय सर्वांच्या मानगुटीस बसलेलें. जुनीं दप्तरें टाकून जर्मनीच्या सॅप कंपनीसारख्यांचीं प्रचंड दप्तरें घेण्याची घाई सुरू झालेली. त्यांतच इंटरनेट आलें, आणि आपलें दप्तर दुसऱ्या कंपनीच्या दप्तराशीं जोडण्याची हांव सुटली. निऑन, क्रॉसवर्ल्ड्स, ॲक्टिव्ह, सीबियाँड, वेबमेथड्स अशीं दुभाष्यांचीं दुकानें रांगेनें उघडलीं. पुष्कळदां एका दुकानाचा माल दुसऱ्याच्या डब्यांत विकला जाई, आय्. बी. एम्. नें ‘एम्क्यू सीरीज’च्या जोडीला जो पहिला भाषांतरकार विकला तो निऑनच्याच घरचा होता.

वेबमेथड्सची कहाणी सांगण्यासारखी आहे, कारण तींत ह्या काळाचा सगळा तापमापक दिसतो. व्हर्जिनिया संस्थानांत फिलिप व कॅरन मेरिक ह्या दांपत्यानें १९९६ मध्यें ही कंपनी काढली. ११ फेब्रुवारी २००० रोजीं तिचा शेअर ३५ डॉलरांना बाजारांत आला, आणि त्याच दिवशीं संध्याकाळीं २१२ डॉलरांवर जाऊन थांबला. हातीं आलेल्या ह्या कागदी श्रीमंतीच्या जोरावर तिनें त्याच वर्षीं ॲक्टिव्ह ही प्रतिस्पर्धी कंपनी १ अब्ज ३० कोटि डॉलर किंमतीला घेतली. रोख नव्हे, आपले शेअर देऊन. पुढें बाजार कोसळला. २००७ मध्यें जर्मनींतील डार्मस्टाट येथील सॉफ्टवेअर एजी ह्या कंपनीनें वेबमेथड्स विकत घेतली ती दर शेअरला ९ डॉलर १५ सेंट ह्या भावानें, एकंदर ५४ कोटि ६० लाख डॉलरांना. म्हणजे ॲक्टिव्हसह सबंध घराला जी किंमत आली ती एकट्या ॲक्टिव्हला मोजलेल्या किंमतीच्या निम्म्याहूनहि कमी. शेअरवाल्यांच्या नुकसानाबद्दल मला फारसें वाईट वाटत नाहीं. तो त्यांचा खेळच आहे. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, ह्या सर्व उलथापालथींत ॲक्टिव्हचा मूळ दुभाष्या वेबमेथड्सच्या पोटांत तसाच चालू होता.

बाकीच्यांचीं लग्नें भराभर सांगून टाकतों. निऑन २००१ मध्यें सायबेसकडे गेली, आणि सायबेस २०१० मध्यें सॅपकडे. क्रॉसवर्ल्ड्स २००२ च्या आरंभीं आय्. बी. एम्. च्या घरांत आली. सीबियाँडला २००५ मध्यें सन कंपनीनें घेतलें, आणि सनला २०१० मध्यें ओरॅकलनें. अमेरिकेच्या टेलिफोन कंपनीनें आपल्या कामासाठीं घडविलेला टक्सीडो हा मध्यस्थ प्रोग्रॅम नॉव्हेलकडून १९९६ मध्यें बी. ई. ए. कडे गेला, आणि २००८ मध्यें साडेआठ अब्ज डॉलर मोजून ओरॅकलनें बी. ई. ए. च घेतली.

ह्या शेवटच्या खरेदीनंतर ओरॅकलपुढें अडचण उभी राहिली. एकाच कामाचे दोन-दोन माल घरांत. स्वतःचा एक, आणि बी. ई. ए. बरोबर आलेला दुसरा. त्या वर्षाच्या जुलैंत कंपनीनें गिऱ्हाइकांना यादी वाचून दाखविली. कांहीं माल मानाचे ठरले. कांहीं सध्यां चालूं ठेवून पुढें दुसऱ्यांत मिसळावयाचे. आणि कांहीं नुसते डागडुजीवर ठेवावयाचे. ओरॅकलनें येथें दांडगाई केली नाहीं हें मान्य केलें पाहिजे. बऱ्याच ठिकाणीं स्वतःचा माल मागें सारून पाहुण्याला तिनें पुढें बसविलें. पण आपला दुभाष्या तिसऱ्या यादींत गेला हें ज्या गिऱ्हाइकाला त्या दिवशीं कळलें, त्यानें काय करावयाचें?

वरवर पाहतां उत्तर सोपें आहे. दोन्ही माल एकाच मालकाचे झाले. जुन्यावरून नव्यावर जावें. येथेंच लोकांची मोठी फसगत होते. मालकी एका सहीनें बदलते. परंतु टिब्कोच्या दुभाष्याला शिकविलेला भाषांतराचा नियम ओरॅकलच्या दुभाष्याला वाचतां येत नाहीं, आणि ओरॅकलचा आय्. बी. एम्. च्याला. असे शेंकडों नियम प्रत्येक पेढींत वर्षानुवर्षें सांचलेले असतात. ते हलवावयाचे म्हणजे एकेक उकलून नव्यानें लिहावयाचे.

ह्याचा एक अनुभव माझ्याच वांट्याला आला आहे. कारखान्याचें नांव सांगत नाहीं. दुसऱ्या कंपन्या पोटांत घेतां घेतां त्या कारखान्याकडे तीन निरनिराळे दुभाषे जमले होते, आणि त्यांतला एकच ठेवावा असा संचालकांचा हुकूम सुटला. हुकूम शहाणपणाचा होता. तिघांचें वार्षिक भाडें भरावें लागे, तिघांचे जाणते निराळे पोसावे लागत. आम्हीं यादी केली. तींत रात्रीं दोन वाजतां चालणारा एक बारीकसा प्रोग्रॅम निघाला. तो काय करतो हें कोणालाच सांगतां येईना, म्हणून तो बंद केला. महिनाअखेरीस एका विभागांतील सर्व दुकानदारांचीं बिलें सवलत न धरतां निघालीं! शेवटीं विक्रीखात्यांतून निवृत्त झालेल्या एका बाईंच्या घरीं गेलों. त्या हंसून म्हणाल्या, “अहो साहेब, त्या विभागाचा आंकडा अगदीं पहिल्या दिवशींच उलटा पडला होता. मूळ जागीं दुरुस्त करायला कोणाला सवड झाली नाहीं. म्हणून मधल्यामध्यें आम्ही तो रोज रात्रीं सुलटा करून घेत होतों.” चहा झाल्यावर त्यांनीं अशा आणखी चार जागा तोंडपाठ सांगितल्या. कारखान्याचा एवढा कायदा ना विक्रीच्या दप्तरांत होता, ना हिशेबाच्या. तो दुभाष्याच्या पोटांत होता आणि ह्या बाईंच्या डोक्यांत. त्या परगांवीं राहावयास गेल्या असत्या तर आम्हीं काय केलें असतें ह्याचा विचार मी अजून कधीं कधीं करतों.

भाषाच एक करावी, म्हणजे दुभाषा नको, असेंहि सुचविणारे पुष्कळ झाले. शिवकालांत राज्यव्यवहारकोश झाला तो अशाच हेतूनें. कारभारांतल्या फारसी शब्दांना ठरीव संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. पण त्या कोशामागें राज्यकर्त्याची आज्ञा होती, आणि तरीहि अर्ज, तारीख, हुकूम हे शब्द आपल्या तोंडीं राहिलेच. संगणकांच्या दुनियेंत तर छत्रपति कोणीच नाहीं. १९९८ मध्यें एक्स्. एम्. एल्. नांवाची लेखनपद्धति ठरली तेव्हां आतां तंटा मिटला असें पुष्कळांना वाटलें. वस्तुतः त्या दिवशीं लिपि एक झाली, भाषा एक झाली नाहीं. देवनागरींत मराठी लिहितां येतें, हिंदी लिहितां येतें, नेपाळीहि लिहितां येतें. म्हणून पुण्याच्या माणसाला काठमांडूचें वर्तमानपत्र समजतेंच असें नव्हे.

मग एवढे अब्जावधि डॉलर मोजून हे दुभाषे विकत कां घेतले जातात? माझ्या मतें उत्तर ह्या बाईंच्या घरीं मिळालेंच आहे. जो माल काढून टाकणें इतकें जड, त्याचें वार्षिक भाडें वर्षानुवर्षें बिनबोभाट येत राहतें. विकत घेणारा यंत्र घेत नाहीं. तें काढून टाकण्याची गिऱ्हाइकाची भीति विकत घेतो. म्हणूनच २०१० नंतर ह्या बाजारांत सॉफ्टवेअरच्या कारखानदारांबरोबर नुसते भांडवलवालेहि दिसूं लागले. २०१४ मध्यें टिब्को कंपनी व्हिस्टा ह्या भांडवलदार संस्थेनें ४ अब्ज ३० कोटि डॉलरांना घेतली, आणि रणदिवे बाजूला झाले. सॅक्रामेंटोच्या बास्केटबॉल संघाची मालकी त्यांनीं व त्यांच्या भागीदारांनीं आदल्याच वर्षीं घेतली होती. २०२२ मध्यें टिब्कोला सिट्रिक्स ह्या दुसऱ्याच धंद्यांतल्या कंपनीशीं जोडून क्लाउड सॉफ्टवेअर ग्रुप असें सर्वसाधारण नांव देण्यांत आलें. ‘बस’ शब्द त्यांत कोठें उरला नाहीं.

नवे दुभाषेहि निघत होतेच. हमाली वांचविणारा म्हणून खेचराचें नांव घेतलेली म्यूलसॉफ्ट ही कंपनी २००६ मध्यें रॉस मेसन ह्यांनीं काढली. आरंभीं तिचा माल सर्वांस खुला व फुकट होता. २०१८ मध्यें सेल्सफोर्सनें ती साडेसहा अब्ज डॉलरांना घेतली. माहितीच्या राशी एका दप्तरांतून दुसऱ्यांत वाहून नेणारी इन्फर्मॅटिका ही १९९३ ची जुनी कंपनी. २०१५ मध्यें ती बाजारांतून निघाली, २०२१ मध्यें बाजारांत परतली, आणि सुमारें आठ अब्ज डॉलरांच्या व्यवहारानें २०२५ च्या नोव्हेंबरांत तीहि सेल्सफोर्सच्याच घरीं गेली.

आणि वेबमेथड्स? सॉफ्टवेअर एजीला २०२३ मध्यें सिल्व्हर लेक ह्या भांडवलदार संस्थेनें ताब्यांत घेतलें, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत वेबमेथड्स व तिच्या जोडीची स्ट्रीमसेट्स ह्या दोहोंचा सौदा आय्. बी. एम्. शीं २ अब्ज १३ कोटि युरोंना ठरला. १ जुलै २०२४ रोजीं तो पुरा झाला. तेव्हां हर्स्लीची टपालपेटी, क्रॉसवर्ल्ड्सचा वारसा, आणि ॲक्टिव्हला पोटांत घेतलेली वेबमेथड्स अशीं तीन घराणीं एका छपराखालीं आलीं. ज्या पेढ्यांनीं हीं तीनहि निरनिराळ्या सालीं घेतलीं होतीं, त्यांना त्या दिवसापासून बिलें एकाच पत्त्यावरून येऊं लागलीं. त्यांच्या तळघरांतील तीन दुभाषे मात्र आपापल्या बोलींतच बोलत राहिले, आणि त्यांना एकमेकांचें बोलणें समजावून देण्यासाठीं मध्यें चौथा दुभाष्या बसविण्याचें काम कित्येक ठिकाणीं कोणा तंत्रज्ञाच्या मेजावर येऊन पडलें.